पानवेलाच्या औषधासाठी अमरावतीपर्यंत

माझ्या बायकोनं, भागीरथीनं, आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मळ्याच्या दारातल्या रांगेचे पानवेल बांधणं. मी शिडीवर, ती खाली. केळीच्या सोपटाचे ओले बंद ती एकेक करून वर द्यायची आणि मी वेल शेवरीच्या खोडाला बांधत जायचो.

"अवो, नरम बांधा. गळा नोका दाबू त्याचा."

"जनम गेला बांधण्यात. तुह्या बापानं शिकवलं का मले?"

"त्यानंच शिकवलं. इसरले का?"

खरं होतं ते. माझ्या बापाची भाजीची वाडी. पान लावायला मला सासऱ्यानं शिकवलं. शेवटचा बंद मी सैल बांधला आणि वरूनच विचारलं, "आता झालं समाधान?" तिनं मान हलवली.

संध्याकाळी घरी आलो तर माझ्या पायाची माती उंबऱ्यात पडली. आम्ही पानमळेवाले मळ्यात जाताना पाय धुतो, कारण मळा म्हणजे देऊळ. बाहेर येताना धुत नाही. ती माती लक्ष्मी, ती घरात येऊ द्यायची. भागीरथीनं खराटा उचलला. "तुमची लक्ष्मी मलेच झाडा लागते," असं ती रोज म्हणायची, त्या दिवशीही म्हणाली. रात्री तिला हिव भरलं. त्या तापातून ती उठली नाही.

हे आधी लिहिलं, कारण पुढचा सगळा प्रवास या दोन गोष्टींसाठी झाला. एक ती रांग, आणि दुसरी ही माती. माझी दुसरी यत्ता झाली, पुढं मोट धरली. लिहिण्यात चूक असेल, सांगण्यात नाही. आपल्या पानमळेवाल्यांपैकी जे अमरावतीला गेले नाहीत आणि जाणारही नाहीत, त्यांनी हे कोणाकडून तरी वाचून घ्यावं.

हिवरखेड

आमच्या सोयऱ्यांत एक रीत आहे. मळ्यातली बाई गेली की तेरवीच्या आधी माणसं घरी रडायला येतात तशी मळ्यातही येतात. दारापाशी दगडी डोणी असते, तीत पाय धुतात, आत जातात, बाईच्या हातच्या वेलाचं एक पान खुडतात आणि न बोलता निघून जातात. भागीरथीसाठी तेल्हाऱ्याकडून आली, अकोटाकडून आली, कुठून कुठून माणसं आली. आखाडाचा चिखल तुडवत आली. माझ्या मनाला बरं वाटलं. बाईचा मान राहिला.

पोळा झाला आणि दारातल्या रांगेची पानं पिवळी पडली. आधी एक वेल, मग त्याच्या शेजारचे. बुडाशी बोट लावलं तर काळं, बुळबुळीत, आणि वास कुजक्या भाजीचा. मी राख घातली, हिंगाचं पाणी घातलं, नारळ फोडला. रोग पुढं सरकतच राहिला.

माझ्या बांधाला लागून सोनाजीचा मळा. सोनाजी माझ्याच वयाचा, पंचांत बसणारा. तो चार मळेवाले घेऊन आला.

"पित्रांच्या अमावशेपर्यंत तूच उपट," तो म्हणाला. "नाई तं आमी येऊन उपटतो."

"माह्या मळ्यात पाय ठेवून तं पाह्य."

"ठेवा लागन, भाऊ. तुह्या बांधाले माहा बांध हाये. तुह्या घरचं मरण तुह्या घरी, माह्या मळ्यात काहून?"

चांगलं बोलला नाही तो. पण खोटंही बोलला नाही. मला उपटायचं नव्हतं. मला औषध पाहिजे होतं, बस. ती रांग तिच्या हातची होती आणि घरात तिच्या हातचं जिवंत असं दुसरं काही उरलं नव्हतं.

श्रावण, म्हणजे भागीरथीचा धाकटा भाऊ, तेल्हाऱ्याजवळचा. त्याचा मळा जेठातच बसला होता, म्हणजे वेल मरून गेले होते. दमणी जुंपून तो आला आणि म्हणाला, "भाऊजी, अकोल्याले कासमभाई हाय. साऱ्या वऱ्हाडचं पान त्याच्या हाताखालून जाते. त्याले दाखवू." मी रांगेतला एक आजारी वेल बुडाच्या मातीसकट काढला, ओल्या फडक्यात बांधला, आणि ती गठडी मांडीवर घेऊन निघालो.

पूर्णा आणि अकोला

अकोटापर्यंत दमणी, तिथून मोटार. मोटारीत एक म्हातारी माझ्या गठडीकडं पाहून म्हणाली, "लेकरू हाय का बापा?" श्रावण हसला. मी नाही हसलो.

पूर्णेला पूर होता. पूल नाही. मोटार या काठाला थांबते, माणसं नावेतून पलीकडं जातात आणि तिथं दुसरी मोटार उभी असते. पाणी गढूळ, गरगर फिरणारं, एक अख्खं बाभळीचं झाड आमच्यासमोरून वाहत गेलं. नावाड्यानं सगळ्यांना खाली बसवलं. मी गठडी छातीशी धरली. नाव मधोमध तिरकी झाली तेव्हा एक मारवाडी देवाचं नाव घेत माझ्या गळ्यात पडला. त्याला जिवाची पडली होती, मला गठडीची.

पाण्याकडं पाहत श्रावण हळूच बोलला, "तोवर एक काम करत जा भाऊजी. पहाटे उठून पिवळं पान खुडून टाकत जा. सोनाजीले काय दिसते मंग?"

मी त्याच्याकडं पाहिलं. वाईट नव्हतं सुचवलेलं. मी ते मनात ठेवून दिलं.

काठावर बसून भाकर खाल्ली. कळण्याची भाकर, मिरचीचा ठेचा, कांदा. बायको गेल्यापासून भाकर सुनेच्या हातची असते. चांगली असते. कडेला पातळ असते इतकंच.

अकोल्यात कासमभाई पानांच्या करंड्यांत बसला होता. भागीरथी गेल्याचं त्याला माहीत होतं. आधी त्यानं दोन्ही हात माझ्या हातावर ठेवले, मग गठडी सोडायला लावली. मुळाचा वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"दवा मेरे पास नहीं, भाऊ. ये मर्ज मैंने इधर तीन-चार गाँव में देखा. सब के मळे बैठ गये." थोडं थांबून तो म्हणाला, "अमरावती में, कँप में, एक बुढ्ढा पादरी है. अंग्रेज नहीं, फ्रान्सीस. उसके मुलुक में अंगूर की बेलें ऐसेच मरी थीं. एक-दो गाँव की नहीं, सारे मुलुक की. मेरे को खुद बोला वो. फिर भी आज वहाँ अंगूर है. मतलब कुछ तो किया होगा ना?"

सारा मुलूख मेला आणि तरी आज द्राक्षं आहेत. एवढं ऐकल्यावर मी घरी कसा जाणार? गठडीवर पाणी शिंपडलं आणि स्टेशनाकडं निघालो. श्रावण मागून ओरडत आला, "भाऊजी, अमावशा जवळ आली!" मी म्हटलं, "म्हणूनच चाललो."

अमरावती

अमरावती मी पहिल्यांदा पाहिली. गावाभोवती दगडी परकोट, मोठाल्या वेशी, आणि कापसाचे इतके जिन की धुराड्यांखाली आभाळ काळं. वेशीपाशी एक पानवाला बसला होता. त्यानं पान उचललं, आपल्या धोतराला पुसलं आणि चुना लावायला घेतला. आमच्याकडं असं पान कोणी पुसलं तर बायको त्याला घरात घेत नाही. मी म्हटलं, "लक्ष्मी हाय ते, हातरुमाल नाई." तो म्हणाला, "खाचं असन तं खा, नाई तं रस्ता सोड." मी रस्ता सोडला. पान कुठलं ते मात्र उलटंपालटं करून पाहून घेतलं. आमच्याकडचं नव्हतं. जाड होतं.

कँप गावाबाहेर आहे. रुंद रस्ते, निंबाची झाडं, बंगले, आणि माणूस मेल्यासारखी शांतता. गिरजाघराच्या मागं कौलारू घर होतं आणि घरापुढं लाकडी मांडव. मांडवावर द्राक्षाचे वेल. खोड मनगटाएवढं, पानं हिरवीगार. आजारी वेल पाहून पाहून माझे डोळे थकले होते. त्या हिरव्या रंगावर ते टेकले.

फाटकात मी वहाणा काढल्या. वेल कोणाचाही असो, माझी रीत तीच. बाजूला हौद दिसला. मी हाक मारली, "पाणी घेऊ का? पाय धुऊन येतो."

मांडवाखालून एक म्हातारा गोरा उठला. अंगात पांढरा झगा, गुडघ्यांवर माती, दाढी तंबाखूनं पिवळी. आधी त्यानं माझे पाय पाहिले आणि तो हसला. मग त्याला गठडी दिसली.

"थांब! एक पाय पुढं नोको टाकू!"

गोऱ्याच्या तोंडून असली वऱ्हाडी ऐकून श्रावण दोन पावलं मागंच सरकला.

"हातात काय हाये?"

"वेल हाय, बाबा. बिमार हाय. तुमाले दाखवाले आणला."

"मातीसकट?"

"मातीसकट."

त्याचा चेहरा लाल झाला. तो घराकडं ओरडला. आतून स्वैपाकी रॉकेलची बाटली आणि काडेपेटी घेऊन पळत आला. फाटकाबाहेर दगड होता, त्यावर पादरीबाबानं मला गठडी ठेवायला लावली. "पेटव."

"मी?"

"तूच. तुही हाये."

माझं डोकं फिरलं. "दोन रोज मांडीवर घेऊन आलो," मी म्हटलं. "माह्या बायकोच्या हातचा वेल हाय हा. ती आखाडात गेली. तुमी पाहा तं आधी! पाह्यल्याबिगर जाळणारे तुमी कोण?"

श्रावण माझा हात ओढत होता. मला वाटलं आता हा आम्हाला हाकलून देणार. पण म्हातारा दगडापाशी उकिडवा बसला, काडीनं फडकं बाजूला केलं, मूळ उलटं केलं, खाली वाकून वास घेतला. काडीनंच साल खरवडली आणि आतलं काळं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. हाताचं बोटही लावलं नाही.

"पाह्यलं," तो म्हणाला. "आता पेटव."

"दवा?"

"पेटव. मंग बोलतो."

मी काडी ओढली. ओला वेल नीट जळत नाही. तो चरचरतो, फेस काढतो आणि वळवळतो. तो राख होईपर्यंत आम्ही तिथंच उभे राहिलो. मग त्यानं आम्हाला हातपाय गरम पाण्यानं धुवायला लावले. घोट्यापर्यंत, बोटांच्या सांदीतून. त्यानंतरच आम्हाला ओसरीवर घेतलं. माझ्या वहाणाही त्या स्वैपाक्यानं धुतल्या. मला लाज वाटली.

पादरीबाबानं पेरू पुढं केले. श्रावण माझ्या कानाशी लागला, की यांच्या हातचं चालते का. म्हाताऱ्याला ऐकू गेलं.

"पेरू झाडानं देल्ला, लेका. मी फक्त पोचवला. खा."

आम्ही खाल्ले. गोड होते.

पादरीबाबाचं साल

तो बोलला ते मी जमेल तसं लिहितो. पुष्कळ वर्षं वऱ्हाडात काढलेली, त्यामुळं बोली आपलीच, मधे कुठं शब्द अडला की हिंदी.

त्याचा गाव फ्रान्सीस मुलखात डोंगराच्या उतारावर. उतारभर द्राक्षं. त्याच्या बापाची, काकाची, शेजाऱ्याची, सगळ्यांची बांधाला बांध. साल अठराशे एकोणऐंशी. तो तेव्हा अठरा वर्षांचा होता.

"त्या सालाले आमच्या देशात मोठं साल म्हणतात," तो म्हणाला. "पॅरिस शहरात सरकार बदललं. नवीन माणूस गादीवर बसला. एक जुनं लढाईचं गाणं साऱ्या देशाचं गाणं झालं. शहरातले लोक रस्त्यावर नाचले. आमच्या गावात कोणी नाचलं नाई. आमच्या काकाच्या मळ्यात पिवळा डाग पडला होता. तेल सांडलं का कसा डाग पसरते? तसा गोल. दर हप्त्याले मोठा."

"मंग काय केलं?" मी विचारलं.

"तू काय केलं?"

"राख घातली. हिंगाचं पाणी. नारळ."

"आमी जित्ता बेडूक गाडला. एकेका वेलाखाली एकेक. म्हणे तो जहर ओढून घेते." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "देवळाची घंटा बडवली. माह्यासारखा एक पादरी साऱ्या गावाले घेऊन मळ्याभोवती फिरला. देव होता, बेडूक होता, डाग पुढंच गेला."

मग सरकारनं कायदा केला. जिथं डाग नवा असेल तिथं सरकारी माणसं यायची, आजारी वेलांवर खूण करायची, ते उपटून जाळायची आणि जमिनीत लोखंडी पिचकारीनं जहाल औषध मारायची. त्या औषधानं रोग मरायचा आणि वेलही मरायचा.

"म्हणजे दवा नाईच," मी म्हटलं.

"ऐक. माह्या बापाच्या मळ्यात तेव्हा फक्त एक रांग पिवळी होती. आज्यानं लावलेली. बाप रोज पहाटे जाये आणि पिवळी पानं खुडून टोपलीत भरे. सरकारी माणसं आली, चालत गेली, हिरवं दिसलं, खूण न करता निघून गेली. बाप त्या दिवशी दारू पिऊन गायला."

श्रावणनं हातातला पेरू ठेवला आणि मान खाली घातली.

"त्या हिवाळ्यात थंडी अशी पडली का नदी गोठली. आमाले वाटलं रोग मेला. उन्हाळा आला आणि सारा उतार पिवळा झाला. बापाच्या रांगेपासून खाली शेजाऱ्यापर्यंत, त्याच्या शेजाऱ्यापर्यंत. माणसं गाव सोडून गेली. जहाजात बसून गेली. आणि माह्या बापाले कोणी एक शिवी देल्ली नाई. रस्त्यात भेटले का टोपी काढत आणि पुढं जात. शिवी देल्ली असती तं तो माणूस जगला असता."

ओसरीवर कौलातून ऊन पडलं होतं. मला सोनाजीचा राग आठवला. तो निदान तोंडावर बोलला होता.

"कासमभाई म्हणे, आज तिथं अंगूर हाय," मी म्हटलं.

"हाये. दुसऱ्या मुलखाचं मूळ आणून त्यावर आमचा वेल बांधला. बारा वर्षं गेली त्यात. पण आधी जळालं सारं." त्यानं मांडवाकडं बोट केलं. "हा तसाच हाये. मूळ परकं, द्राक्ष बापाचं."

मग तो मला विचारू लागला. हातात काडी घेऊन त्यानं ओसरीच्या धुळीत चौकोन काढला. "हा तुहा मळा. सुरू कुठून झालं?"

"दारातून. पह्यली रांग."

"दारातून कोण येते?"

"मी. सून. आणि... आखाडात सारे सोयरे आले होते. तिच्यासाठी."

"त्यायच्यात कोणाचा मळा बिमार होता?"

श्रावणच बोलला, अगदी हळू. "माहा. जेठातच बसला होता."

"मळ्यात जाताना पाय धुता?"

"धुतोच!" मी म्हटलं. "पाय धुतल्याबिगर आमी वेलाजवळ जात नाई. दारात डोणी हाय. साऱ्यायनं धुतले."

"आणि ते धुतलेलं पाणी कुठं जाते?"

मी धुळीतल्या चौकोनाकडं पाहिलं. डोणीपासून छोटा पाट निघतो. लक्ष्मीच्या दारचं पाणी वाया जाऊ द्यायचं नाही म्हणून तो पाट सोडलेला असतो पहिल्या रांगेच्या बुडात. माझ्याच मळ्यात नाही, सगळ्यांच्या. सासऱ्यानं असाच शिकवला, त्याच्या बापानं त्याला असाच शिकवला. तीस-चाळीस माणसांच्या पायांचा चिखल, जो आमच्या भागीरथीच्या मानासाठी कोसाकोसावरून चालत आला होता, तो मी तिच्या रांगेला पाजला होता.

पादरीबाबानं धुळीत डोणीपासून रांगेपर्यंत एक रेघ ओढली. मग काडी टाकून दिली.

"आमचा किडा होता," तो म्हणाला. "तुह्या वेलात किडा नाई, सड हाये. मी पानवेलाचा डॉक्टर नोहो, खोटं सांगत नाई. पण चाल तीच हाये. मातीतून, पाण्यातून, पायातून. जाताना पाय धुता ते चांगलं. बाहेर येताना धुता का?"

"नाई. लक्ष्मी हाय ती."

"आणि रडून झाल्यावर ते लोक कुठं गेले?"

"आपापल्या मळ्यात," श्रावण म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला.

सोनाजीही आला होता. डोणीत पाय धुतले, पान खुडलं, माझ्या मळ्याचा चिखल पायाला तसाच घेऊन बांध ओलांडून आपल्या मळ्यात गेला. मीच पाहिलं होतं.

मी शेवटचं विचारलं. "लांबच्या कोपऱ्यातले वेल चांगले हाय. त्यायचं काय करू?"

"शेंड्याकडचे तुकडे घे. मातीले न लागलेले. जिथं पान कधीच नोव्हतं अशा जागी लाव. बाकी दारापासून उपट, जाळ. पाट बुजव."

"दारातल्या रांगेचे शेंडे?"

"नाई."

"एक?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. एवढ्या वेळात पहिल्यांदा त्याचा आवाज उतरला.

"एक पण नाई, बावा. माह्या बापानं पण एकच रांग ठेवली होती."

परत

गाडीत श्रावण माझ्यासमोर बसला आणि खिडकीबाहेर पाहत राहिला. राग कोणावर काढावा ते मला कळत नव्हतं. अकोल्यात कासमभाईनं विचारलं, "मिली दवा?" मी म्हटलं, "मिळाली." श्रावणनं चमकून पाहिलं. कासमभाईच्या करंड्या मळ्यामळ्यांत जातात आणि ओली माती लागून परत येतात, त्या उकळत्या पाण्यातून काढ, एवढं मी त्याला सांगितलं. तो करंड्यांकडं पाहत राहिला.

पूर्णेचं पाणी चढलं होतं. नावाडी म्हणाला ही शेवटची खेप, मग पाणी उतरेपर्यंत नाही. उद्या अमावास्या होती. मी आधी चढलो.

मधल्या धारेत श्रावणनं एकदम माझे पाय धरले. "भाऊजी, मारा मले. ढकलून द्या. बहिणीच्या मळ्यात रोग मीच नेला. माह्या पायानं नेला."

नाव हलली. लोक ओरडले. नावाडी वल्हं सोडून खेकसला, "ओ पाव्हणं, रडाचं तं काठावर रडा! साऱ्यायले बुडवता का?"

मी श्रावणचे दोन्ही हात पायांवरून काढले आणि त्याला फळीवर बसवलं. "चूप. तू रडाले आला होता. रोग आणाले नोव्हता आला."

"पण..."

"मीही पाट सोडला होता. तुह्या बापानं सोडाले शिकवला. आता कोणाकोणाले ढकलू पाण्यात?"

तो रडत राहिला, पण नाव स्थिर झाली. काठाला लागल्यावर मी त्याला म्हटलं, "पिवळी पानं खुडाची गोष्ट आता कोणाजवळ काढू नोको." तो म्हणाला, "नाई काढत."

हिवरखेड, अमावास्येची सकाळ

सकाळी मळ्याच्या दारात पोचलो तर सोनाजी आणि चार जण विळे घेऊन बांधावर उभे. सोनाजीचा एक पाय बांधाच्या अलीकडं, माझ्या हद्दीत.

"आला का?" तो म्हणाला. "आणला का दवा गोऱ्याचा?"

"पाय मागं घे."

"अमावशा हाये आज. बोललो होतो..."

"उपटाले मी उभा हाय. तू पाय मागं घे. तुह्या भल्याचं सांगून राहिलो."

श्रावण त्यांना सांगू लागला. डोणी, पाट, चिखल, सगळं. मी ऐकत थांबलो नाही. कुदळीनं आधी पाट बुजवला, माती टाचेनं दाबली. मग शिडी लावली.

वरचा बंद तोच होता, शेवटचा. केळीचं सोपट वाळून तपकिरी झालं होतं. नरम बांधलेला होता. एका ओढीत सुटला आणि वेल माझ्या खांद्यावर येऊन पडला. मग एकेक करत रांगभर सोडवत गेलो. कापला एकही बंद नाही. उपटलेले वेल मळ्याच्या आतच रचले, तुरीच्या वाळल्या काड्या घातल्या आणि पेटवले. धूर सोनाजीच्या बाजूला गेला. तो हलला नाही.

"आखाडात मी इथून तसाच माह्या मळ्यात गेलो होतो," तो म्हणाला. आता विळा त्याच्या हातात खाली लोंबत होता.

"माहीत हाय मले. जा, तुही दारातली रांग पाह्य. बुडाशी बोट लाव. पण आधी इथं पाय धू, आणि पाणी रस्त्यावर फेक."

"बाहेर जाताना धुऊ? लक्ष्मी धुऊन टाकू?"

"धू."

त्यानं चार जणांकडं पाहिलं. चौघांनी त्याच्याकडं पाहिलं. मग त्यानं वहाण काढली, दारापाशी ठेवलेल्या घागरीतलं पाणी पायावर ओतलं, आणि आपल्या मळ्याकडं गेला. चालत नाही, पळत गेला. बाकीचे एकेक करून घागरीपाशी आले.

रांग पूर्ण जळेपर्यंत मी आत थांबलो. मग बाहेर आलो आणि पाय धुतले, घोट्यापर्यंत, बोटांच्या सांदीतून, पादरीबाबानं धुवायला लावले तसे. पाणी रस्त्यावर गेलं.

घरी गेलो. उंबऱ्यात उभा राहून खाली पाहिलं. मातीचा एक कण पडला नव्हता. खराटा कोपऱ्यात होता, तो तिथंच राहिला.